हंसाबाईंच्या तुपातला खड्डा

आगाशीच्या हरेश्वर राऊतांच्या घरातून काहीही चोरीला गेलं नव्हतं. तरी त्यांनी वसईहून सॅन्ड्रा परेराला बोलावून घेतलं आणि तिच्यापुढे तुपाची एक छोटी काचेची बरणी ठेवली.

"बाय, हे माझ्या हंसाचं तूप नाय. कोनीतरी बदललं."

खाजगी तपासात सॅन्ड्राने दागिने शोधले होते, पळालेले नवरेही शोधले होते. तूप पहिलंच. तिचा मदतनीस असलेला मावसभाऊ स्टॅनी मात्र खुशीत होता. खाण्यापिण्याचा गुन्हा त्याच्या वाट्याला कधी येत नसे.

हंसाबाई दिवाळीनंतर गेल्या. हे त्यांनी कढवलेलं शेवटचं तूप. त्या डावखुऱ्या होत्या. शेवटचा चमचा त्यांनी घेतला, तेव्हा तुपात डाव्या अंगाला खड्डा पडला होता. हरेश्वर रोज सकाळी फडताळ उघडून तो खड्डा बघत. त्या तुपाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडकच होता. गेल्या रविवारी संध्याकाळी बघतात तर तूप सपाट.

"तवापासनं मी सुनेशी बोललो नाय. तिनंच संपवलं नि डेअरीचं भरलं." त्यांनी बरणी सॅन्ड्राकडे सरकवली. "हंसाच्या हातचं आता या घरात कायबी उरलं नाय."

"हंसाबाई तूप कसं करायच्या?" सॅन्ड्राने विचारलं.

"लोनी कढत आलं की वाडीतलं विड्याचं पान टाकायची. खालची खरपूस बेरी फेकायची नाय. तूप गोठत आलं की त्यातच घोळायची. रवाळ तूप, नि त्यात सगळीकडे तपकिरी कन."

सॅन्ड्राने बरणी उजेडात धरली. तूप गुळगुळीत होतं, रवा नावालाही नव्हता. तपकिरी कण होते, पण सगळे तळाशी. बोटभर तूप तिने स्टॅनीला चाटवलं.

"पानाचा वास आहे. झकास!" स्टॅनी म्हणाला. "वर काचेला चिकटलेलं मात्र जरा खवट लागतंय."

सून नेहल स्वयंपाकघरात होती. ती आधीच चिडलेली होती.

"मी दिवसभर घरीच असते. खायचंच असतं तर कधीच खाल्लं असतं ना! रविवारपासून बाबा माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाहीत."

"रविवारी घरी कोण होतं?"

"बाबा बाजारात, हे ड्यूटीवर, मी मागे वाडीत. खुशीताई सासरहून, मनवेलपाड्याहून आल्या होत्या, त्या एकट्याच घरात होत्या. तासाभरात बाबा आले."

हरेश्वरांची लेक खुशी आजही आली होती. नेहलने चहा पुढे केला, तसा तिने कप लांब सरकवला. "नको वहिनी, वासच नको वाटतो." बरणी पाहिली होतीस का, या सॅन्ड्राच्या प्रश्नावर ती खिडकीबाहेर बघत "नाही" म्हणाली.

सॅन्ड्राने सगळ्यांना ओटीवर बसवलं.

"बोल स्टॅनी, कुणी केलं?"

"नेहलने. डेअरीचं तूप असंच गुळगुळीत असतं."

"आणि डेअरीवाला त्यात विड्याचं पान नि बेरी घालतो?"

स्टॅनीने बरणी पुन्हा हुंगली.

"तूप बदललेलं नाही," सॅन्ड्रा म्हणाली. "ते वितळून पुन्हा गोठलंय. वितळलं म्हणून खड्डा भरला आणि जड बेरी तळाला बसली. सावकाश गोठलं असतं तर रवा धरला असता. हे कुणीतरी घाईने बर्फाच्या कप्प्यात गोठवलंय. नेहल दिवसभर घरी, तिला कसली घाई? घाई होती तासाभराच्या पाहुणीला. खुशी, चहाचा वास नको आणि आईचं तूप हवं. कितवा महिना?"

खुशी रडू लागली.

"तिसरा. बाबा, तेच सांगायला आले होते. आईने न सांगताच ओळखलं असतं. मऊ भात नि तिचं तूप, बस एवढंच खावंसं वाटत होतं. एकच चमचा घेतला, तर तिचा खड्डा मोडला. घाबरले मी. गरम पाण्यात बरणी ठेवून वितळवलं, म्हटलं गोठवून परत तसाच करीन. गोठलं, तोवर तुमची स्कूटर वाजली, तशी सपाटच ठेवून दिली."

हरेश्वरांनी बरणी छातीशी धरली. "म्हंजे हे तिचंच?"

"तिचंच. वितळलं तरी तूप तूपच राहतं. होळीनंतरच्या उन्हात तो खड्डा तसाही गेलाच असता, काका. पण वर काचेला चिकटलेलं खवट झालंय, ते काही केल्या परत गोड व्हायचं नाही. जपून ठेवाल तर सगळंच तसं होईल."

हरेश्वरांनी बरणीचं झाकण उघडलं.

"नेहल," ते म्हणाले, "भात टाक गं, मऊ. माझं चुकलं, पोरी. आपन सगळी जेवू."

भात वाढल्यावर त्यांनी चमचा डाव्या हातात धरला. चमचा नीट वळेना. त्यांनी तूप आधी सुनेच्या, मग लेकीच्या भातावर घातलं.

"तुझ्या आईला जमायचं, तसं मला जमत नाय," ते खुशीला म्हणाले.

बरणीत डाव्या अंगाला पुन्हा खड्डा पडला होता. या खेपेला तो मोठा होता.