कबरा बगळा

पीसपारखीने बारीक शीळ घातली आणि डॉ. शर्वाणी कीरने जाळ्याचा खटका दाबला. खारफुटीच्या मुळांवर उभा असलेला बगळा पंख उघडण्याआधीच गुरफटला.

"आजचा आठवा," ती म्हणाली.

सुकाणूवर बसलेले दाजी तारी खाडीत थुंकले.

पीसपारखी शर्वाणीनेच बनवली होती. शंभर मीटरवरून पिसांचा रंग, त्यांची ठेवण आणि चोचीची लांबी वाचून हे यंत्र पक्षी शुद्ध की संकरित ते दोन सेकंदांत सांगे. समुद्र चढला, खडक बुडाले, तसे खडकांवरचे राखाडी समुद्र बगळे कमी झाले आणि उरलेले पांढऱ्या लहान बगळ्यांशी जोड्या जमवू लागले. मूळ वाण टिकवायचं तर मिश्र पक्षी मारून टाकायचे, असं किनारपक्षी मंडळाने ठरवलं. त्या उन्हाळ्यात चौदा खाड्यांत चौदा होड्या फिरत होत्या.

जाळ्यातला बगळा राखाडी होता, पण मानेवर आणि पंखांत पांढरी पिसं विस्कटून पसरली होती. शर्वाणीने औषधाची सुई भरली.

"हो संकर नाय," दाजी म्हणाले.

"यंत्र त्र्याण्णव टक्के म्हणतंय."

"यंत्रान कधी घरटा बघल्यान? एका घरट्यात काळी, पांढरी, कबरी पिल्लां बघलंय मी."

"तुम्ही होडी चालवा. पक्ष्यांचं मी बघते."

दाजींनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून कनवटीला लावली. "रगत तपासा. तवसर होडी हलाची नाय."

"मंडळाला कळवलं तर तुमचं काम जाईल."

"कळवा."

होडीत जनुकवाचक होता. रक्ताच्या थेंबावरून तो वंश अचूक सांगे, पण वीस मिनिटं घेई, म्हणून मंडळाने तो ऐच्छिक केला होता. या म्हाताऱ्याचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून शर्वाणीने बगळ्याच्या पायाला सुई टोचली. वीस मिनिटं दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली: समुद्र बगळा. मिश्रण नाही.

तिने बर्फाची पेटी उघडली. सकाळपासून मारून आत ठेवलेल्या सात पक्ष्यांच्या रक्ताचे नमुने एकेक करून जनुकवाचकात घातले. दुपार कलेपर्यंत ते चाललं. सातांपैकी पाच शुद्ध होते.

कारण तिला आता कळलं. पीसपारखीला तिने शिकवलं होतं ते संग्रहालयात जपलेल्या पक्ष्यांच्या जुन्या कातड्यांवरून. सगळी एकरंगी, देखणी. कबरे पक्षी बिघडलेले समजून कुणी जपलेच नव्हते. यंत्राने असा बगळा कधी पाहिलाच नव्हता, म्हणून ते त्याला संकर म्हणत होतं.

तिने मंडळाच्या संचालकांना फोन लावला.

"वर्तकसर, सगळ्या होड्या थांबवा. आपण शुद्ध पक्षी मारतोय."

"तू मारलेस," वर्तक म्हणाले. "बाकीच्यांचं अजून कुणी तपासलेलं नाही. आणि मोहीम आज संध्याकाळी संपतेच आहे. अहवालात एक तळटीप टाक."

फोन बंद झाला.

शर्वाणीने जाळं कापलं. बगळा पाण्यावर दोनदा आपटला, सावरला आणि भूशिरावरून दक्षिणेकडे उडाला. तिकडच्या खाडीत दुसरी होडी होती आणि तिच्यावरही पीसपारखी.

"दाजी, चला लवकर. त्यांना थांबवायला हवं."

दाजींनी पेटीतल्या मेलेल्या पक्ष्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"होडी जातली," ते म्हणाले. "पण तुमका कित्याक नेव? थयसर गेल्यार ता यंत्र बंद करतलास, की त्याका कबरो बगळो शिकवून परत आणतलास?"