डाव्या पायाची नोंद

"मॅडम, ह्या लेकराचा पाय तुम्ही कापला का?"

शिवगंगानं दचकून मान वर केली. मुरुम गावच्या त्या छोट्या दवाखान्यात प्रत्येक आजाराला संगणकातला ठरलेला क्रमांक देणं, हे तिचं काम. तिच्या खोलीत माणसं येत नसत, नुसते कागद येत. आणि आज दारात हा उंच गडी, हातात तिनंच भरलेली नोंद.

"मी कशाला कापू?"

"मग 'पाय नंतर गेला' असा क्रमांक कसा पडला? पोरीला जन्मतःच गुडघ्याखाली पाय न्हाय. आता सरकारी योजनेवाले म्हणतायत, अपघात कुठं झाला, पोलिसांचा कागद आणा. माउली बाहेर रडत बसलीय."

तिचा चेहरा उतरला. 'पाय नाही' एवढंच वाचून तिनं सवयीनं क्रमांक टाकला होता. "चूक माझीच... आत्ता सुधारते. उजवा का डावा?"

"डावा. माझ्यासारखाच, जन्मतःच न्हाय." त्यानं स्वतःच्या नडगीवर टिचकी मारली — टक्.

तो बलभीम. कृत्रिम पाय बनवायचा. दर मंगळवारी शिबिरासाठी सोलापुराहून यायचा. पुढं प्रत्येक मंगळवारी त्याला कुठली ना कुठली नोंद तपासायची निघू लागली.

"एवढ्या चुका होतात व्हय माझ्या?"

"न्हाय. पण तपासलेलं बरं."

ती हसायची. तो गेला की खोली आणखीच मोठी वाटायची. एकदा तिनं सांगून टाकलं... बाबा गेल्यापासून कीर्तनाला ती एकटीच जाते. शेजारी त्यांचे टाळ ठेवते, म्हणजे जागा कुणी घेत नाही.

"कीर्तन मलाबी लई आवडतं," तो म्हणाला. "पण मागं बसतो, शेवटाआधी उठतो. सगळे एकमेकांच्या पाया पडतात ना... माझ्या पायाला हात लागला की माणूस चपापतो. मग त्याच्या डोळ्यांत जी कीव येते, ती न्हाय सोसत."

शिबिराचा शेवटचा मंगळवार आला. पुढचं शिबिर दुसऱ्या तालुक्यात. शिवगंगाच्या ओठांवर आलेलं ओठांतच राहिलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सप्त्याचा काला आहे. शेवटपर्यंत... थांबाल?"

दुसऱ्या दिवशी तो आला, मागच्या खांबाशी बसला. बुवांनी गोपाळांचा काला असा रंगवला की मांडव डोलला. दहीहंडी फुटली, माणसं एकमेकांच्या पायांवर वाकू लागली, तसा बलभीम चपलांकडं सरकला. शिवगंगा गर्दीतून वाट काढत समोर आली अन् वाकली. आधी उजव्या पायावर डोकं टेकलं, मग डाव्या.

"तो नको... तो बनवलेला आहे."

"ठाऊक आहे. पाय जन्मतःच नाही, पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. एकदा केलेली नोंद मी विसरत नाही."

त्यानं भीतभीतच तिच्या डोळ्यांत पाहिलं. कीव कुठंच नव्हती. पाणी होतं, आणि थोडा खट्याळपणा.

"माझं एकटेपण मात्र जन्माचं नाही," ती हळूच म्हणाली. "नंतरचं आहे. नंतरच्याला कारण लिहावं लागतं."

"काय लिहिलंत?"

"आधी बाबा. आता... मंगळवार."

रीतीप्रमाणं बलभीमही वाकला, तिच्या पायांना हात लावून म्हणाला, "शिबिर नसलं तरी मंगळवार येतोच की."

पंगत बसली. शिवगंगानं शेजारचे टाळ उचलून मांडीवर घेतले.

"बसा," ती म्हणाली.