पाहुणा बोलेना

दारावरचा लाल दिवा तिला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, पण मावशीशी फोनवर ती इतकी रंगात आली होती की दिव्याकडे लक्ष द्यायला सवडच नव्हती. खांद्यानं दार ढकलून ती स्टुडिओत शिरली.

"अगं मावशी, रेडिओ-टीव्हीचं प्रशिक्षण म्हणजे पोरखेळ नव्हे! म्हणजे इथं सगळं हातानं करून शिकवतात, म्हणजे—"

मधोमध एक उंच मुलगा कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे उघडले. नुसतं पाहिलं.

"अय्या, सॉरी! काय रेकॉर्ड करत होतात?"

"शांतता."

"हो, झाले गप्प. पण करत काय होतात?"

"शांतता."

मग त्यानं दात काढून घेतल्यासारखा एकेक शब्द बाहेर काढत समजावलं. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. बोलण्याचे तुकडे जोडताना तो मध्ये भरावा लागतो.

"काहीच नसलेलं रेकॉर्ड करताय?" तिला हसू आवरेना. "मग मशीन बंद ठेवा की! तेच येईल!"

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा जरासा हलला... त्या कोपऱ्यानंच घात केला.

संस्थेत तिला सगळे 'एक्सप्रेस' म्हणायचे आणि त्याला 'मौनीबाबा'. ती निवेदन शिकायला आलेली, तो ध्वनिमुद्रण. संस्थेच्या बाईंनी एके काळी बातम्या वाचून गावं जागी केली होती. त्यांनी दोघांना एकदा नीट न्याहाळलं आणि फर्मावलं, "हिला ब्रेक नाही, याला इंजिन नाही. जुंपा दोघांना एकत्र!"

तेव्हापासून ती काचेच्या अलीकडे बोलायची आणि तो पलीकडे ऐकायचा.

"श्वास घे," तो म्हणायचा.

"घेतला की."

"ऐकला. आता हळू घे."

तिच्या बोलण्यातले 'म्हणजे' कापून काढणं हे त्याचं रोजचं काम.

"आज किती काढलेस रे?"

"ओंजळभर."

एकदा तिनं मुद्दामच विचारलं, "तुला माझ्या छातीतली धडधडसुद्धा ऐकू येते?"

"माईक चांगला असेल तर."

"मग... आहे का चांगला?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि केबल तपासायला टेबलाखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही.

वर्ष संपत आलं तरी गाडी टेबलाखालीच अडकलेली. त्यात शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आली, थेट मुलाखतीची. रेडिओ केंद्राचे एक साहेब ऐकायला येणार होते आणि सकाळच्या कार्यक्रमासाठी एकच निवेदिका निवडणार होते. घरी बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी लागली तर ठीक, नाहीतर काकाच्या प्लायवूडच्या दुकानात बस."

परीक्षेच्या दिवशी तिच्या मुलाखतीचे पाहुणे आले. पोहण्याचे प्रशिक्षक, वेळेचे पक्के, फक्त घसा पार बसलेला. ते नुसते हातवारे करत राहिले.

"बाई, आता काय करू?"

"समोर जो दिसेल त्याला बसव!"

समोर तोच दिसला. पाहुण्याच्या खुर्चीपाशी माईक लावत होता. बाईंनी त्याचा खांदा दाबून त्याला तिथंच बसवलं. लाल दिवा लागला.

"नमस्कार! आज आपल्यासोबत आहेत एक तरुण ध्वनिमुद्रक. तुमचं स्वागत!"

"हं."

"तुम्ही इथवर कसे आलात?"

"बसनं."

काचेपलीकडे कुणालातरी ठसका लागला. तिला डोळ्यांसमोर प्लायवूडच्या थप्प्या दिसू लागल्या.

"लहानपणापासून असेच शांत?"

"हो."

"का बरं?"

"आई आहे. तीन बहिणी आहेत. नंबर लागला नाही."

तिला खुदकन हसू आलं. भीती कुठल्या कुठे पळाली. पाठ केलेले सगळे प्रश्न तिनं सोडून दिले आणि सावकाश विचारलं, "तुम्ही दिवसभर इतकं ऐकता... अजिबात आवडत नाही असा आवाज कुठला?"

तो दाराकडे बघत थांबला. तीही थांबली, कधी नव्हे ते.

"या दाराचा," तो म्हणाला. "संध्याकाळी तुम्ही घरी जाता तेव्हाचा. कडेला रबरी पट्टी आहे, त्यामुळे नुसतं 'फुस्स' होतं. पण नंतर इथं जी शांतता उरते ना... ती रेकॉर्ड करावीशी वाटत नाही. मी तुमचे 'म्हणजे' कापतो खरे, पण टाकून देववत नाहीत. बसमध्ये कुणी 'म्हणजे' म्हणालं तरी माझी मान वळते. परवा एका आजोबांकडे असा बघत राहिलो की ते उठून दुसरीकडे बसले..."

धरण फुटल्यासारखा तो बोलत सुटला. पलीकडून 'आवर आता' अशा खुणा झाल्या. पण एक्सप्रेस भर स्टेशनात उभी! तोंड उघडं, आवाज नाही. शेवटी पाहुण्यानंच सांगितलं, "तर मंडळी, इथंच थांबू. ऐकल्याबद्दल आभार."

साहेब बाहेर आले ते थेट त्याच्याकडे. "काय आवाज आहे हो! सकाळचा कार्यक्रम कराल?"

"नाही," मौनीबाबा पुन्हा मूळपदावर आले.

तिचा नुसता तिळपापड झाला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "हा वर्षभरात आमच्याशी चार वाक्यं बोललेला नाही. याला बोलतं कुणी केलं ते बघा."

"पण शेवटी ती गप्पच बसली!"

"त्याबद्दल तिचे गुण कापलेत मी. तुम्ही तिच्या जागी असता, तर काय बोलला असता?"

साहेब हसले आणि तिला सोमवारपासून उमेदवारीवर यायला सांगून गेले.

सगळे पांगले. तो जमिनीवर बसून केबल गुंडाळत होता. तिनं दुसरं टोक उचललं आणि कोपरावर भराभर वेटोळी घालायला लागली.

"तशी नको. आतली तार पिळते."

"पिळू दे मेली! परीक्षा माझी होती! एवढंच बोलायचं होतं तर कँटीनमध्ये बोलायचंस!"

"तू कधी विचारलंच नाहीस."

"मी? अरे, मी तर वर्षभर—" ती अडखळली. खरंच की! वर्षभर ती बोलतच होती. सरळ विचारलं असं काहीच नव्हतं.

"आता मी विचारू?" त्यानं केबल मांडीवर ठेवली. "मी... आवडतो तुला?"

"आवडतोस."

एवढंच म्हणून ती थांबली. मग तिलाच राहवेना. "कधीपासून, ते सांगू?"

"सांग."

"सगळं? वेळ लागेल हं..."

"लागू दे."

ती त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि सुरू झाली. चहाला बोलवायला बाई दारात आल्या, क्षणभर थांबल्या आणि आल्या पावली परत गेल्या. तिची गाडी सुसाट सुटली होती, तो गालावर हात टेकून ऐकत होता आणि मांडीवरच्या केबलचा पार गुंता झाला होता, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता.