खजिन्याची दोरी

पैज लावणारा शहाणा असतो, घेणारा गाढव. माझ्या ओळखीतला एक सुतार असाच गाढव निघाला. खुसुखुसू हसू नका रे, नाहीतर इथंच थांबवतो.

सिनेमाच्या सेटवर होता तो. रंधामामा म्हणायचे सगळे. सिनेमा पोराटोरांचा. आजोबा आणि दोन नातवंडं पुरलेला खजिना शोधतात, असला. सकाळी सहाला नातवंडांनी पेटी उकरायची होती. ताजी माती कॅमेऱ्यात लगेच कळते, म्हणून मामानं पेटी आदल्या दुपारीच मैदानात पुरली. पाणी मारलं, माती तुडवली. पेटीच्या कडीला दोन हात दोरी बांधून तिचं टोक वर दगडाखाली ठेवलं, म्हणजे सकाळी जागा सापडते.

तिथला मेकअपवाला, पावडर त्याचं नाव पडलेलं, मामावर जळायचा. त्याला मामाच्या जागी आपला मेहुणा चिकटवायचा होता. रात्री जेवताना म्हणाला,

"मामा, भुताला घाबरता म्हणे?"

"तुझं थोबाड रोज बघतो. भूत काय चीज आहे!"

सगळे फिदीफिदी हसले. पावडरचं तोंड कडू झालं.

"मग बारानंतर एकटं जायचं. बॅटरी न्यायची नाही. दोरीचं वीतभर टोक कापून आणायचं. नाही आणलं तर उद्या हत्यारं गुंडाळायची, माझा मेहुणा येईल."

"आणि आणलं तर?"

"तर मी तोंडाला काळं फासून फिरेन. सामान माझ्याकडंच आहे."

वीस वर्षांची नोकरी. आणि हा शहाणा म्हणतो, "चल, लागली!"

गुरुवार. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. मैदानात कुत्रंसुद्धा नव्हतं. मामानं चाचपत दगड शोधला, बाजूला सारला. दोरीचं टोक हाताला लागलं. गार. ओलं.

सहज ताणून बघितलं. हललं नाही. चला, पेटी जागेवर आहे, म्हणून बरंच वाटलं त्याला. खिशातून चाकू काढायला गेला...

खालून हिसका बसला.

"पावडर... बास हां..."

दुसरा हिसका.

मग दोरी खाली जायला लागली. सर्र... मूठ उघडेना. सर्र... दोन हात दोरी, कधीच संपायला हवी होती. मागं जमिनीवर काही नव्हतं. तरी मुठीतून जातच होती. सालटी निघाली. गुडघे टेकले. मनगट मातीत. कोपर मातीत...

सुटली.

मामा मेकअपच्या गाडीपाशी आला तो धडपडतच. पावडर दात काढत उठला. "कुठंय टोक?"

मामानं तळवा पुढं केला. दोरीच्या पिळासकट उमटलेल्या लाल रेघा. अजून आहेत त्या, मी पाहिल्यात. पावडरनं कापसानं पुसल्या. मेकअप उतरवायचं तेल लावलं. घासल्या. मग हळूहळू त्याचा हात थांबला.

"तूच होतास ना खाली?" मामा म्हणाला.

"मी? नाही मामा... आईशप्पथ नाही." पावडरला घाम फुटला. "पण पेटी... पेटी मीच काढली. संध्याकाळी. त्या चादरीखाली आहे बघा. सकाळी सापडली नाही की तुम्हाला हाकलतील, म्हणून... चुकलो मी."

"आणि दोरी?"

पावडरनं चादर उचलली.

"दोरी पेटीलाच आहे, मामा. कापलीच नाही मी. तिथं... तिथं मी नुसता दगड ठेवला होता."