पाच अंडी आणि चार टायर

करंज्या नाल्याच्या काठातून पाच अंडी बाहेर काढायची होती आणि त्यासाठी हातात फार तर एक दिवस होता.

कोंबडीची नव्हेत, डायनोसॉरची! नारळाएवढी, गोल, साडेसहा कोटी वर्षांत दगड झालेली. सप्टेंबरच्या पुरानं काठ कापला तेव्हा ती उघडी पडली होती. आता ऑक्टोबर लागला होता आणि हवामानखात्यानं उद्यापासून पुन्हा अतिवृष्टीचा इशारा दिला होता. अजून एक पूर आला, की काठ ढासळून घरटं वाहून जाणार होतं. त्याआधी ते धारच्या संग्रहालयात पोहोचवायचं, एवढ्यासाठी ही मोहीम निघाली होती.

मोहिमेत माणसं तीन. धारच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारी अपेक्षा. तिचा देवासचा मामेभाऊ वीरेंद्र, जीप त्याची आणि ती चालवण्याची हौसही त्याचीच. आणि उमाशंकरकाका, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले; खडक उचलणं, बांधणं, वाहून नेणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अपेक्षानं आठ वर्षं या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. आजवर तिला मिळाले होते ते कवचाचे तुकडे, नखाएवढे. अख्खं घरटं हे पहिलंच.

जीपचे टायर गुळगुळीत झाले होते, म्हणून आठवड्यापूर्वी भाऊ-बहीण टायरच्या दुकानात गेली होती. वीरेंद्रनं मोठमोठ्या ठोकळ्यांच्या टायरवर हात ठेवला होता.

"अपूताई, हाच! काय दिसतोय बघ, एकदम पैलवान!"

"दिसतोय," अपेक्षा म्हणाली होती. "पण ओल्या डांबरावर हा उशिरा थांबतो. आणि जानेवारीत तू स्पितीच्या बर्फात जाणार. थंडीत याचं रबर दगड होईल." मग तिनं बारीक चिरांचा, दाट नक्षीचा टायर उलटसुलट करून पाहिला होता. त्याच्या कडेला डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह होतं, शेजारी 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ. "हा घे. एकाच टायरमध्ये दोन्ही."

दुकानदारानं मान खाजवली होती. "मॅडम, बर्फ में तो एक नंबर है. पण अपनी काली मट्टी का मैं नी बोल सकता."

छापील अक्षरांपुढे अपेक्षानं त्याचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं.

सकाळी आठ वाजता त्यांनी डांबरी रस्ता सोडला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पावसाळ्यात पाणी ज्याच्यावरून वाहतं असा ठेंगणा पूल, मागे पडला आणि गाडीवाट सुरू झाली. दोन्हीकडे सोयाबीन कापून पसरलं होतं. एका शेतात विळा घेऊन बसलेल्या बाईनं हात वर केला.

"बतर नी आई हे अभी! दो दिन रुक जाओ!"

"काय म्हणते?" वीरेंद्रनं विचारलं.

"बतर म्हणजे आपला वाफसा," काका म्हणाले. "मातीतलं पाणी बेताचं होणं. गेल्या पावसाची ओल अजून उतरली नाही. अशा मातीत इकडे कोणी बैलसुद्धा घालत नाही. अपेक्षाबाई, थांबावं हे बरं."

"काका, उद्या पाऊस आहे," अपेक्षा म्हणाली. "थांबलो तर काय उचलणार?"

वळसे घेत जाणारा पुढचा दीड किलोमीटर कसाबसा पार पडला. वाटेत एक अरुंद ओहळ लागला, त्यात घोट्याएवढं पाणी होतं. तो ओलांडून ते एका तिकोनी शेतात शिरले. शेताच्या उजवीकडे करंज्या नाला, मागे ओहळ, डावीकडे कातळाची उभी भिंत. तीनदा खाली उतरून खुरप्यानं चाकं खरवडावी लागली, तेव्हा कुठे अकराच्या सुमारास घरट्याशी पोहोचता आलं.

काम मात्र नेटकं झालं. मोडल्या हाताला घालतात तसं प्लास्टर अपेक्षानं आठवड्यापूर्वीच घरट्याभोवती चढवलं होतं. काकांनी कप्पी लावली, खाली दोन फळ्या सरकवल्या, आणि सव्वाशे किलोचा तो पांढरा ठोकळा इंच इंच करत जीपमध्ये चढला. अपेक्षानं त्यावर तळहात ठेवला. पाच! पाचही शाबूत!

"चला," ती म्हणाली, "आता घरी."

शेताच्या मध्यावर पोहोचेपर्यंत दीड वाजला होता. आणि तिथे जीप थांबली. बंद पडली नव्हती. इंजिन गुरगुरत होतं, वीरेंद्रचा पाय दाबलेला होता, पण चाकं फिरायलाच तयार नव्हती! अपेक्षा खाली उतरली. टायर दिसतच नव्हते. त्यांच्या जागी काळ्या मातीचे चार गोळे होते, आणि त्या मातीनं चाकावरची पोकळी इतकी गच्च भरली होती की बोटही आत जाईना.

त्यांनी खुरप्यानं उकरलं. दगड टाकले. बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली सारल्या. फांद्याही चाकाला गुंडाळून वर गेल्या. वीरेंद्रनं पायातले बूट पाहिले, प्रत्येकाला दोन-दोन किलो माती.

"वा! माझेही टायर बदललेत बघ. आणि अपूताई, हा तुझा एम प्लस एस. एम म्हणजे काय, मरण?"

"वीरेंद्रराव, बोलण्यातली ताकद खुरप्याला लावा," काका म्हणाले.

तेवढ्यात उत्तरेकडून गडगडाट ऐकू आला. उद्याचा पाऊस आजच येत होता!

अपेक्षानं घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. ती ओहळाकडे चालत गेली आणि काठावरच थबकली. सकाळी घोटाभर असलेलं पाणी आता तांबूस होऊन छातीएवढं धावत होतं. ओहळ अरुंद, त्याच्या दोन्ही कडा निसरड्या मातीच्या. वरच्या अंगाला पाऊस कधीच सुरू झाला होता. परतताना तिची नजर एका बाभळीवर गेली. डोक्याएवढ्या उंचीवर काट्यांत वाळलं गवत अडकलं होतं. ते गवत पुरानं आणलेलं होतं.

म्हणजे हे शेत पुरात बुडत होतं. मागे ओहळ, उजवीकडे नाला, डावीकडे तीन पुरुष उंचीचा कातळ, त्यावर चढायला ना पायरी ना फट. पिंजऱ्याला जणू तीन भिंती होत्या आणि जमीन पायच उचलू देत नव्हती.

मोबाइलला रेंज नव्हती. पावसाचे पहिले थेंब पडले, टपोरे, थंड. अपेक्षा मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं बोटानं टायरच्या चिरेतली माती काढली. ती निघेना. पेन्सिलीनं काढली तरी आत उरलीच. आणि मग ती तशीच बसून राहिली.

"अपूताई? बरी आहेस ना?"

"चूक माझी आहे, वीरू," ती सावकाश म्हणाली. "बर्फाचा टायर बर्फ धरून ठेवतो. चिरांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, त्यानंच पकड येते. चिखलात उलट हवं. चिखल बाहेर फेकता आला पाहिजे, त्यासाठी ठोकळ्यांत मोठी फट लागते. मी धरून ठेवणारा टायर घेतला. अक्षरं वाचली आणि माती विसरले."

वीरेंद्रला बरंच काही बोलता आलं असतं. त्यानं नुसतं कपाळावरचं पाणी पुसलं. "बरं. मग आता याला सोडायला कसं लावायचं?"

या प्रश्नानंच ती उठली. पावसात भिजलेल्या पुढच्या टायरच्या माथ्यावरून माती ओघळून रबर दिसू लागलं होतं!

"पाण्यानं," ती म्हणाली. "आपण नाल्यातून जायचं."

"नाल्यातून?" वीरेंद्र ओरडला. "सनकली का गं?"

"ओहळ अरुंद, म्हणून पाणी छातीएवढं. नाला तीस फूट रुंद आहे. आत्ता तिथे गुडघाभरच असेल. आणि तळ गोट्यांचा आहे, माती नाही. पाणी टायर धूत राहील. रपटा इथून खाली नऊशे मीटरवर."

"चालत जाऊ या मग!"

"वाहत्या पाण्यात गोट्यांवर पाय ठरणार नाही," काका म्हणाले. "ओहळ मिळतो तिथे तर माणूस वाहूनच जाईल. पलीकडची दरडही उभी, चढता येणार नाही. बाई म्हणतात ते खरं. पण नाल्यापर्यंत वीस पावलं ही काळी आहेच. आणि मागे एवढं ओझं." ते ठोकळ्याकडे पाहत नव्हते.

अपेक्षानं मागचं चाक पाहिलं. पुढच्यापेक्षा ते दीड वीत अधिक रुतलं होतं. गणित सोपं होतं. सव्वाशे किलो मागे असताना ही जीप वीस पावलं सरकणार नव्हती.

आठ वर्षं. पावसाचा आवाज वाढत होता.

"उतरवा," ती म्हणाली.

"अपूताई, अजून एकदा ढकलून..."

"उतरव, वीरू! लवकर!"

कातळाच्या पायथ्याशी दगडांच्या ढिगावर एक खाच होती, खाटेएवढीही नसेल. बाभळीवरच्या गवतापेक्षा ती वीतभर उंच होती. खालच्या दगडांवर फळ्या टाकून तिघांनी ठोकळा वर रेटला. वीरेंद्रच्या हाताची साल निघाली. काकांनी ताडपत्री घट्ट आवळली, गाठीवर गाठ मारली. अपेक्षानं मागे वळून पाहिलं नाही.

चाकांवरची माती त्यांनी हातांनी ओरबाडली. टायरमधली हवा तिनं मोजून अठरा पौंडांवर आणली, म्हणजे गोट्यांवर रबर पसरून बसेल. आता पावसानं वरची माती पातळ केली होती. वीरेंद्र आत बसला, दोघांनी खांदे लावले.

"रेट! अजून रेट!"

जीप हलली. तिरकी झाली. मग लोण्यावरून सुरी जावी तशी उतारावरून घसरत गेली आणि धाडकन नाल्यात उतरली! अपेक्षा नि काका धावत आत चढले.

"घाई नको," अपेक्षा म्हणाली. "पहिला गिअर. थांबायचं नाही."

खालून गोट्यांचा खडखडाट आला. इतका गोड आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता! खिडकीतून वाकून तिनं पाहिलं. चाकामागून काळ्या पाण्याची शेपटी निघत होती, ती तपकिरी झाली, मग तांबूस. टायर धुतले जात होते! त्यांनी दगड धरला होता.

दोनशे मीटर. चारशे. पाणी दरवाज्याच्या कडेला लागलं. पायाशी गार ओल जाणवली.

"पुढे ओहळ मिळतो," काका पुढे झुकून म्हणाले. "उजवीकडून धक्का बसेल."

बसलाच! उजवीकडून तांबडं पाणी भिंतीसारखं आदळलं. जीप आडवी सरकली. एक फूट. दोन फूट. मागची चाकं उचलल्यासारखी झाली.

"वीरू, उजवीकडे! पाण्याकडे तोंड कर!"

"उलटं?"

"कर!"

त्यानं स्टिअरिंग पिळलं. जीपचं नाक ओहळाकडे वळलं, पाणी बाजूला आदळायचं थांबून दोन्ही अंगांनी फाकलं. मागचं चाक एका दगडाला टेकलं. धरलं! इंजिन खोकलं, पुन्हा बोललं. तिरक्या चालीनं, खेकड्यासारखी, जीप संगम ओलांडून गेली. समोर पावसाच्या पडद्यात रपट्याचे पांढरे खांब दिसले. कडेला दगडी उतार होता. पुढची चाकं चढली, घसरली, पुन्हा चढली. काँक्रीट!

वीरेंद्रनं गाडी वर नेऊन उभी केली. चार मिनिटांनी नाल्याच्या वळणावरून एक उखडलेलं झाड आलं, त्यामागे पाण्याचा लोंढा, आणि रपट्याचे खांब दिसेनासे झाले.

पाऊस दोन दिवस कोसळला. मग आठ दिवस कडक ऊन पडलं. काकांनी रोज आपल्या परसातली माती मुठीत दाबून पाहिली, आणि नवव्या दिवशी सकाळी फोन केला, "बाई, निघावं."

ते पायीच गेले. माती आता पायाखाली मऊ दबत होती आणि पाऊल सोडून देत होती. काठात घरट्याची जागा उरलीच नव्हती. काठच चार हात मागे गेला होता. बाभळीवर नवं गवत अडकलं होतं, जुन्यापेक्षा हातभर उंच.

कातळातली खाच रिकामी होती.

वीरेंद्रनं शिवी हासडली आणि जीभ चावली. अपेक्षा खाली उतरत गेली, नाल्याच्या कडेकडेनं, प्रत्येक पांढऱ्या दगडाशी थांबत. साठ पावलांवर, बाभळीच्या मुळांत ताडपत्रीची एक चिंधी फडफडत होती. तिच्या गाठी सुटल्या नव्हत्या. खाली ठोकळा उपडा रुतला होता. एक बाजू फुटून गेली होती.

तिघांनी तो उलटला. अपेक्षानं ब्रशनं वाळू झाडली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"तीन," ती म्हणाली.

"दोन गेली?" वीरेंद्रनं विचारलं.

"दोन गेली. तीन आहेत, आणि एकमेकांशेजारी होती तशीच आहेत." तिनं वहीत आकडा लिहिला. मग बराच वेळ ती त्या तीन गोलांकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते हसूच होतं.

"जीप आणू का? वाट आता सुकलीय," वीरेंद्र म्हणाला.

"नको. आता हे हलकं झालंय. तिघांत पेलेल."

काकांनी लांब बांबू तोडून आणला. ठोकळा दोरात निजवून मध्ये टांगला. पुढे वीरेंद्र, मागे काका, आणि मध्ये, झोका बसू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याला धरून, अपेक्षा. दोन किलोमीटरला त्यांना साडेतीन तास लागले. सोयाबीनच्या शेतातली बाई विळा टाकून पाहत उभी राहिली.

"काई ले जा रिया हो?"

"अंडी!" वीरेंद्र धापा टाकत ओरडला. "तीन!"

बाईनं तो दोन माणसांच्या खांद्यावर हेलकावणारा ठोकळा पाहिला, मग वीरेंद्रला, आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, की ते रपट्यावर चढले तरी तिचं हसणं ऐकू येत होतं.