पाण्याखालचा माग

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथं होते. माझी आई होती, बहीण होती. कुणाला पटो न पटो, झालं ते असं झालं.

गेल्या माघातली अमावस्या. सुरतेत डुमसच्या बाजूची खाडी, तापी समुद्राला मिळते त्याच्या जवळची.

रात्र नव्हती. ऊन डोक्यावर होतं.

मी रंजना. पलसाण्याच्या एका मिलमध्ये साड्या तपासायच्या कामाला आहे. आम्ही मूळचे शिरपूरकडचे, आता कोसाडला राहतो. धाकटी धनश्री आमच्या घरातली पहिली एवढी शिकलेली. ती कोळंबीवर संशोधन करते. आपण खातो ती कोळंबी नाही. चिखलात बीळ करून राहणारी एक बोटभर जात असते. तिची एक नांगी मोठी असते. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा फुटतो आणि टिचकी वाजल्यासारखा आवाज होतो. त्या दणक्यानं समोरचा बारका मासा बधिर होतो.

धनश्री पाण्यात माईक सोडून हे आवाज रेकॉर्ड करते. जहाजांच्या गोंगाटात या कोळंब्यांचं काय होतं, ते तिला शोधायचंय.

त्या दिवशी मिलला सुट्टी होती. आई, म्हणजे सरलाबाई, म्हणाली, "तू दिनभर पानीमा काय आयकस, ते माले बी दखाड."

म्हणून आम्ही तिघी गेलो.

खाडीवर एक जुनी सिमेंटची जेटी आहे. ओहोटी होती. खाली सगळा काळा चिखल, मधल्या धारेत तेवढं पाणी. धनश्रीनं वायर लांब फेकली आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून एक छोटा स्पीकर जोडला.

तड तड तड तड...

"मोहरी तडतडी राहिनी," आई हसली.

"हे रात्रंदिवस चालू असतं," धनश्री म्हणाली. "वरून बोट गेली तरी बंद पडत नाही."

आम्ही डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा. खात खात ऐकत होतो.

आणि मग...

तडतड बंद झाली.

एकदम. कुणीतरी हात वर करून सगळ्यांना गप्प बसवावं तशी.

धनश्रीनं वायर तपासली. बॅटरी बघितली. सगळं चालू होतं.

"असं कधी झालं नाही," ती हळूच म्हणाली.

खूप खालून, खूप लांबून आवाज यायला लागला...

खटक-खट. खटक-खट. खटक... खट.

लूमचा आवाज. कापड विणायच्या मागाचा. सुरतेत वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

मी खाडीभर नजर फिरवली. बोट नाही, यंत्र नाही, माणूस नाही. बगळेसुद्धा नाहीत.

आईनं हातातला घास खाली ठेवला.

"हाऊ तुना बापना माग शे."

मीही तो ओळखला होता. तो माग मधेच एक ठोका अडखळायचा. मालकाला सांगून सांगून बाप थकला, पण तो दुरुस्त झाला नाही.

माझा बाप चिंधा त्याच मागावर गेला. आई तिथंच कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची धाग्याची नळी. ती संपली की माग थांबतो. त्या दिवशी त्यानं कांडीसाठी हाक मारली, आई बाजूच्या खोलीतून घेऊन आली, तोवर तो मागाखाली पडलेला होता. त्याची राख आम्ही तापीत सोडली.

स्पीकरमधला माग थांबला.

कांडी संपल्यावर थांबतो तसा.

आम्ही स्पीकरकडं वाकलो. आणि...

"सरला... कांडी दे."

मोठ्यानं. माग बंद असला तरी मोठ्यानं बोलायची त्याची सवय होती.

आई उठली. मला वाटलं, ती घाबरून मागं सरकतेय. ती जेटीच्या पायऱ्या उतरली आणि सरळ चिखलात चालायला लागली. घरातल्या फरशीवर चालावं तशी.

"आई, थांब!"

ती गुडघ्यापर्यंत रुतली. तरी पुढं ओढत होती स्वतःला. भरती लागली होती. पाणी चिखलावरून पसरत आमच्याकडं येत होतं.

मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली. माझी आई कृश आहे. पण त्या दिवशी ती मला आवरेना.

"सोड माले. मी नई जाऊ तं कोन दी तेले?"

धनश्रीला काय सुचलं कोण जाणे. तिनं माईक झटक्यात पाण्याबाहेर ओढला.

आई माझ्या अंगावर कोसळली.

आम्ही तिला कसं वर आणलं, ते आठवत नाही. वर आलो तेव्हा आम्ही उभ्या होतो तिथं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी धनश्रीनं ते रेकॉर्डिंग तिच्या गुजराती गाइड मॅडमना ऐकवलं. आमच्याबद्दल काही सांगितलं नाही. मॅडम म्हणाल्या, कुठंतरी गाळ काढायचं मशीन चालू असेल, पाण्यात आवाज लांबवर जातो. धनश्रीला बरं वाटलं.

मॅडम पुढं ऐकत राहिल्या. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"सरला कोण छे?"

धनश्रीनं रेकॉर्डिंग बंद केलं. मॅडमनी तिला रेकॉर्डिंगची जागा बदलून दिली.

आई आता बरी आहे. स्वयंपाक करते, शेजारणींशी बोलते. बरेच दिवस ती भरलेल्या बादलीपाशी मान कलती करून बसायची. मग तेही थांबलं. एकदा मीच धीर करून विचारलं.

"आते तो माले नई बलावस," ती म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. पण ती माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ.

लहानपणी शाळेला सुट्टी लागली की मीही कांड्या भरायला बसायचे. बाप म्हणायचा, रंजनानी भरेल कांडीना धागा कधी तुटस नई.

कोसाडला नळ सकाळी येतो. पाणी साठवावंच लागतं. पिंप भरताना मी मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावते.

आज सकाळी आई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"गानं बंद कर, रंजना. तो सकायपासून तुले हाका मारी राहिना."

मी गाणं बंद केलं नाही.

अजूनही केलेलं नाही...