डाव्या हाताचा घासमोजा

माकडाने सुरुचीचा नेनुआ पळवला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं!

नेनुआ वाळलेला होता, आतली नुसती खरखरीत जाळी उरलेला. श्रावण निम्मा सरला होता. चार दिवसांच्या पावसानंतर काशीच्या दुर्गाघाटावर ऊन पडलं, तशी तिने गच्चीवर जाळ्या पसरल्या. माकडाने त्यांतली एक उचलली, शेजारच्या गच्चीवर उडी मारली, दोनदा चावून पाहिली आणि तोंड वाकडं करून फेकून दिली. ती पडली वॉकमन कानाला लावून उभ्या असलेल्या एका मुलाच्या पायाशी.

"सुनिये! वो मेरा है!"

मुलाने वळून पाहिलं. बाई गं... किती शांत डोळे! पहाटेच्या गंगेसारखे, अजून एकही नाव न निघालेल्या.

"कोण? माकड?" त्याने चक्क मराठीत विचारलं.

"माकड नाही! नेनुआ!"

"आमच्या नाशकात याला गिलकं म्हणतात. आणि आम्ही ते कोवळं असतानाच खातो."

दोन्ही गच्च्यांच्या मधे हातभर अंतर. त्याने डावा हात पुढे केला. लांब बोटं, नखाशी शाईचा डाग... आणि मग काहीतरी आठवल्यासारखं होऊन त्याने जाळी घाईघाईने उजव्या हातात घेतली. ती निसटली ना! थेट खाली गल्लीत, वाट अडवून बसलेल्या सांडाच्या पाठीवर.

"आता तूच आण," सुरुची कठड्यावर हनुवटी टेकवून म्हणाली. "आणि हां, सांड जरा गुस्सेवाला आहे."

तो खरंच गेला! जाळी आणली! धापा टाकत वर आला तेव्हा त्याचे केस कपाळावर चिकटले होते, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या सुरुचीला पहिल्यांदाच कळलं की पोटात फुलपाखरू नाही, अख्खं कबुतर फडफडू शकतं.

त्याचं नाव अनिश. वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून नाशिकहून आलेला, विद्यापीठात एम.एस्सी. करणारा.

मग रोज संध्याकाळी दोन्ही गच्च्यांवर कुणाला ना कुणाला काम निघू लागलं.

"या जाळ्यांचं करणार काय तू?"

"घासमोजा!"

"काय?"

"हातात घालायचा, मोज्यासारखा. तळहाताला जाळी. फरशी, ओटा, जिना, घासत सुटायचं!" सुरुचीने हवेतच घासून दाखवलं. पुराचं पाणी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या सभागृहात शिरलं होतं. आता ते उतरलं, तरी चुनारच्या दगडाच्या फरशीवर गाळ घट्ट बसला होता. काथ्या हातातून निसटायचा, बोटांची सालं निघायची. मंडळाच्या बैठकीत सुरुची, जी आजवर मागच्या रांगेतून कधी उठली नव्हती, ताडकन उभी राहून म्हणाली होती, "घासमोजा शिवून फरशी मी चमकवून दाखवते!" त्यावर मंडळातल्या शरदिनीकाकूंनी पदर सावरत टोमणा मारलाच होता, "हातमोजे घालून फरशी? मेमसाहेबच आल्या आमच्या!"

"आणि नाही चमकली तर?" अनिशने विचारलं.

"तर पुन्हा मागची रांग. जन्मभर!"

तो हसला. तो असा हसला की तिची सुई हमखास बोटात जायची.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. एकटा असला की अनिश डाव्या हाताने लिहायचा. जिन्यात पावलं वाजली की पेन उजव्या हातात जायचं, आणि अक्षर बिचारं लंगडू लागायचं. एकदा रिमझिम सुरू झाली, दोघं आपापल्या छपराखाली सरकली, तेव्हा तो म्हणाला, "लहानपणी आजोबा या हाताला रुमाल बांधून ठेवायचे. देवाधर्माच्या घरात डावा हात नको म्हणून." कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं त्याने. "हे कुणाला बोललो नव्हतो आजवर."

सुरुचीने हातातली सुई खाली ठेवली.

साफसफाईच्या सकाळी सगळं मंडळ सभागृहात जमलं. सुरुचीने ऐटीत मोजा हातात चढवला आणि तिचा चेहराच पडला. घाईघाईत तिने जाळी भलत्याच बाजूला शिवली होती! उजव्या हातात मोजा घातला की जाळी तळहाताऐवजी हाताच्या पाठीवर येत होती.

"अगं, मेमसाहेब हाताच्या पाठीने घासणार!" शरदिनीकाकू म्हणाल्या. हशा पिकला.

सुरुचीने मोजा काढला, डाव्या हातावर लावून पाहिला. अय्या! बरोब्बर बसतोय की! दारातून अनिश बादली घेऊन येत होता. तिला इतका आनंद झाला, इतका, की तोंडातून निघूनच गेलं, "अरे, अनिश डावखुरा आहे ना! त्यालाच बसेल हा!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"डाव्या हाताने?" काकूंच्या भुवया वर गेल्या. "बाप्पाच्या जागेला?"

अनिशने बादली खाली ठेवली. सुरुचीकडे एकदाच पाहिलं आणि तो निघून गेला.

तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते! फरशी, मंडळ, मागची रांग... सगळं एका क्षणात फिकं झालं. त्याने जे फक्त तिला दिलं होतं, ते तिने चौकात उधळलं होतं. आता तो कधी गच्चीवर येणारच नाही. शब्द तर एक सुचेना. मग तिने पदर, म्हणजे ओढणी, कमरेला खोचली, तोच मोजा डाव्या हातात घातला आणि गुडघे टेकून घासायला बसली.

कसलं घासणं! डावा हात ऐकतच नव्हता. साबणाचा फेस काकूंच्या साडीवर उडाला, बादली कलंडली, ती स्वतः दोनदा घसरली. पोरं खिदळत होती. "सुरुचीदीदी, फरशी उधर है!" ती घासतच राहिली. डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि बादलीतलं कुठलं, हे तिचं तिलाही कळेना.

"मनगट सैल सोड."

तिने वर पाहिलं. अनिश दारात उभा होता.

"सगळे हसतायत तुला," तो हळूच म्हणाला.

"हसू देत. तू मला एकटीला सांगितलं होतंस... आणि मी सगळ्यांना..." पुढचं तिला बोलवेना.

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तिच्या हातातला ओला मोजा हलकेच काढला. क्षणभर थांबला. आणि सगळ्यांच्या देखत त्यात आपला डावा हात सरकवला.

"अरे, पण सांगितलं ना—" काकू पुढे झाल्या.

"काकू," अनिशने मान वर केली. "आपल्या बाप्पाची सोंड कुठल्या बाजूला वळते?"

कोपऱ्यात फुलं निवडत बसलेले त्यांचे यजमान, बिंदुमाधवकाका, खो खो हसत सुटले. "डावीकडे, बाळा, डावीकडे! पिढ्यान्‌पिढ्या डावीकडे!"

काकूंनी यजमानांकडे पाहिलं, मग अनिशकडे. "बरं बरं! मग बघत काय बसलायस? त्या कोपऱ्यात गाळ राहिलाय की अजून!"

आणि मग काय सांगू... तो हात फिरू लागला! गाळाखालून चुनारचा गुलाबी दगड असा उजळत आला, जणू कुणी फरशीखाली सकाळ लपवून ठेवली होती.

दुपारी पुन्हा भुरभुर लागली. सभागृहाच्या गच्चीवर दोघं मोजा धूत होती, एकाच बादलीत.

"उजव्या हाताचा कधी शिवणार?" अनिशने विचारलं.

"नाही शिवणार."

"का गं?"

"शिवला तर मीच घासेन सगळं. मग तुला कशाला बोलवू?"

"म्हणजे घासण्यासाठीच बोलवणार मला?"

सुरुची पाण्यात बोट फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "नाही... मला आवडतोस तू. बस्, कह दिया!"

अनिशचे कान लालबुंद झाले. बादलीतून त्याचा ओला डावा हात वर आला आणि तिचा हात त्याने धरला, इतक्या अलगद...

तेवढ्यात जिन्यात शरदिनीकाकूंची पावलं वाजली. जवळ आली. अगदी शेवटच्या पायरीवर आली.

अनिशने हात बदलला नाही. सोडलाही नाही.